स्वालबार्डला कॅमेरा घेऊन जायचंय? आधी महिना ठरवा

स्वालबार्डचा बेत ठरला की चर्चा सुरू होते ती लेन्सची. शंभर-चारशे मिलिमीटरची पुरेल का, सहाशेची भाड्याने घ्यावी का, दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, न्यावी का. प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा नंबर बराच नंतरचा. या सहलीत पहिला निर्णय महिन्याचा. तो एकदा झाला की कुठे जायचं, कशाने फिरायचं, काय दिसणार, बॅगेत काय भरायचं आणि खर्च किती, यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी आपोआप ठरतात.

आधी जागेची थोडी ओळख. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध, 74 ते 81 अंश उत्तर अक्षांशांत हा द्वीपसमूह पसरलेला आहे. सुमारे 60 टक्के जमीन हिमनद्यांखाली. स्पिट्सबर्गन हे सगळ्यात मोठं बेट आणि त्यावरचं लाँगयिअरब्येन हे मुख्य गाव, 78 अंशांवर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावातले रस्ते गावाच्या आसपासच संपतात, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला रस्ताच नाही. हिवाळ्यात आणि वसंतात स्नोस्कूटर किंवा कुत्र्यांची गाडी, उन्हाळ्यात बोट. भाड्याची गाडी घेऊन मनाला येईल तिथे थांबत फोटो काढायची सवय असेल, तर ती इथे उपयोगाची नाही.

पहिली पायरी: महिना

लाँगयिअरब्येनमध्ये 26 ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य मावळतो आणि थेट फेब्रुवारीच्या मध्याला क्षितिजावर येतो. गावाभोवती डोंगर असल्यामुळे गावात प्रत्यक्ष ऊन पडायला 8 मार्च उजाडतो. जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर उन्हाची पहिली तिरीप येते तेव्हा सगळं गाव तिथे जमतं आणि आठवडाभर उत्सव चालतो. पुढे 20 एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळायचाच थांबतो, तो ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत दिवस शून्यावरून चोवीस तासांवर जातो. रोज सरासरी वीस मिनिटांहून जास्त वाढ. आठ दिवसांच्या सहलीत पहिल्या आणि शेवटच्या दिवसाच्या उजेडात अडीच-तीन तासांचा फरक पडू शकतो. त्यामुळे "मार्चमध्ये जातोय" एवढं सांगून भागत नाही. मार्चचा पहिला आठवडा आणि शेवटचा आठवडा, दोन्हींचं वेळापत्रक वेगळं बनवावं लागतं.

नोव्हेंबर ते जानेवारी अंधार असतो. जानेवारीअखेर दुपारी आकाश निळसर होऊ लागतं. बरेच जण या दिवसांत ऑरोरासाठी, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशासाठी, यायचं ठरवतात, आणि इथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. ऑरोराचा पट्टा रात्रीच्या वेळी बहुधा स्वालबार्डच्या दक्षिणेला, नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरून जातो. नुसती ऑरोराच हवी असेल तर ट्रोम्सो किंवा आल्टा जास्त सोयीचं आणि स्वस्तही. स्वालबार्डची खासियत वेगळी आहे. इथे भर दुपारी इतका अंधार असतो की पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला होणारी ऑरोरा नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. जगात फार थोड्या ठिकाणी हे शक्य आहे. गावाजवळच्या डोंगरावर 2008 पासून चेल हेन्रिक्सेन वेधशाळा हाच अभ्यास करते. ही दुपारची ऑरोरा पाहायची हौस असेल तर डिसेंबरात जरूर या, पण फोटोत हिमनद्या आणि प्राणी मिळतील अशी आशा ठेवू नका.

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा हा माझ्या मते निसर्गचित्रांसाठी उत्तम काळ. सूर्य क्षितिजाला चिकटून फिरतो. सूर्योदयाचा सोनेरी रंग चढतो, तो उतरायच्या आत सूर्यास्ताचा सुरू होतो, आणि दोन्हीकडे ब्लू अवर, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली असतानाचा निळा उजेड, तासनतास रेंगाळतो. फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, गोठलेले असू शकतात. तापमान उणे 15 च्या आसपास, थंडीची लाट आली तर उणे 25 किंवा त्याहून खाली. त्यात वारा. उणे 20 ला ताशी 40 किलोमीटर वेगाने स्नोस्कूटर चालवली की अंगाला ती थंडी उणे 34 सारखी लागते.

जून ते ऑगस्ट म्हणजे जहाजांचा हंगाम. पारा शून्याच्या वर 5 ते 8 अंश, सूर्य चोवीस तास. जूनमध्ये डोंगरांवर बर्फ असतो आणि फ्योर्डच्या तोंडाशी समुद्राच्या बर्फाचे तुकडेही असतात. ऑगस्टमध्ये किनारे उघडे, मातकट दिसतात. पक्ष्यांसाठी जून-जुलै गाठायलाच हवा. हिन्लोपेन सामुद्रधुनीतल्या आल्केफ्येलेटच्या कड्यावर ब्रुनिकच्या गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे 60,000 जोड्या घरटी करतात. ऑगस्टच्या मध्यानंतर तोच कडा जवळजवळ रिकामा. मध्यरात्रीच्या सूर्याचा एक फायदा नवख्यांच्या लक्षात येत नाही. उत्तम उजेड रात्री दहा ते पहाटे चारच्या दरम्यान असतो, कारण तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. जेवणाच्या वेळा जहाज ठरवतं, झोपेच्या तुम्ही ठरवा.

सप्टेंबर हा दुर्लक्षित महिना आहे. टुंड्राचा रंग गंजासारखा लाल-तपकिरी होतो, सूर्य पुन्हा मावळू लागतो, डोंगरमाथ्यांवर ताजा बर्फ भुरभुरतो. पक्षी नसतात, समुद्र थोडा खवळलेला असतो, पण उजेडाच्या बाबतीत जुलै त्याच्या जवळपासही नाही.

दुसरी पायरी: अस्वलाचं गणित कागदावर करा

स्वालबार्ड म्हणजे ध्रुवीय अस्वल, हे समीकरण डोक्यात घेऊनच बहुतेक जण निघतात. 1 जानेवारी 2025 पासून नियम असा आहे की अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहायचं, आणि 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर. अस्वल त्याहून जवळ आलं तर मागे सरकायची जबाबदारी तुमची. त्याला आमिष दाखवणं, त्याचा पाठलाग करणं किंवा त्याला बिचकवणं हा गुन्हा. 1973 पासून इथे अस्वल संरक्षित आहे.

आता लेन्सकडे या. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 600 मिलिमीटरची लेन्स 300 मीटरवर साधारण 18 मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत घेते. पूर्ण वाढलेला नर नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम अडीच मीटर. म्हणजे चौकटीच्या रुंदीचा सातवा हिस्सा. 500 मीटरवर तो पट्टा 30 मीटरचा होतो आणि अस्वल बाराव्या हिश्श्याएवढं उरतं. 400 मिलिमीटर असेल तर 300 मीटरवर 27 मीटर. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर थोडं बरं, 600 ला 12 मीटर. त्यात 300 मीटर हवेचा थर मध्ये असतो, तो थरथरतो, आणि फोकस अचूक असूनही फोटो मऊ येतो.

निष्कर्ष सरळ आहे. चौकट भरून टाकणारा अस्वलाचा चेहरा, बर्फाळ मिशांसकट, हा फोटो इथून कायदेशीरपणे मिळणं फार अवघड. तोच हवा असेल तर भाड्याच्या सहाशेवर पैसे घालण्याआधी दहादा विचार करा. इथे जमतं ते वेगळं चित्र: हिमनदीची निळी भिंत, खाली बर्फाचा प्रचंड पट्टा, आणि त्यात एका कोपऱ्यात चालणारा पिवळसर ठिपका. त्यासाठी 100-400 किंवा 100-500 सारखी झूम लेन्स जास्त कामाची, कारण जहाज हलतं, अस्वल हलतं आणि चौकट सतत बदलावी लागते. जुन्या सहलींचे फोटो पाहून बेत आखू नका, त्यातले कित्येक हा नियम येण्यापूर्वीचे आहेत.

अस्वलाच्या नादात बाकीचे प्राणी मागे पडतात, तेही बरोबर नाही. स्वालबार्डचा रेनडिअर ही रेनडिअरची सर्वांत लहान उपजात, आखूड पायांची, गुबगुबीत, आणि गावात घरांमधून बिनधास्त चरत फिरणारी. 200 मिलिमीटरला चौकट भरते. गावाच्या कडेला अ‍ॅडव्हेंटडालेन दरीच्या वाटेवर कुत्र्यांची आवारं आहेत. जूनमध्ये कॉमन आयडर बदकं नेमकी त्यांच्या शेजारी घरटी करतात, कारण कुत्र्यांच्या भुंकण्याने कोल्हे लांब राहतात. रस्त्याच्या कडेला पोटावर आडवं पडलं की बदक तुमच्या नजरेच्या पातळीवर येतं, तिच्या अंगाखालचा करडा पिसांचा गालिचा दिसतो, मागे धूसर डोंगर. ना जहाज लागत, ना सहाशे. फक्त घरट्यांच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, रस्ता सोडायचा नाही. तिथेच आर्क्टिक टर्न पक्षी तुमच्या डोक्यावर झडप घालतील. ट्रायपॉड उभा धरून डोक्याच्या वर ठेवा, ते सर्वांत उंच टोकावर हल्ला करतात.

तिसरी पायरी: गावात मुक्काम की जहाज

वसंतात उत्तर सोपं आहे, गावात मुक्काम आणि रोज स्नोस्कूटरची फेरी. टेम्पलफ्योर्ड, पूर्व किनारा, बारेन्ट्सबर्ग, पिरामिडेन या ठरलेल्या दिशा. स्कूटर स्वतः चालवायची तर वाहन परवाना सोबत हवा. नसेल तर गाइडच्या मागे बसता येतं, आणि खरं सांगायचं तर फोटो काढणाऱ्याला तेच बरं, हात मोकळे राहतात. गोठलेल्या समुद्रावर स्कूटर नेण्यावर वसंतात काही फ्योर्डमध्ये निर्बंध असतात. नेहमीच्या पर्यटकी फेरीत थांबे पाच-पाच मिनिटांचे असतात. फोटोग्राफीसाठी आखलेली, चार-पाच जणांची फेरी महाग पडते, पण तिची बरोबरी नेहमीच्या तीन फेऱ्या मिळूनही करत नाहीत.

उन्हाळ्यात दोन्ही पर्याय आहेत. गावात राहून दिवसाच्या बोटींनी इस्फ्योर्डमधल्या हिमनद्या, वॉलरसचे किनारे, पक्ष्यांचे कडे पाहता येतात. पिरामिडेन हे रशियन खाणगाव 1998 मध्ये रिकामं झालं. समोर नॉर्डेनशोल्ड हिमनदी आणि मागे ओस पडलेल्या इमारती, असा विषय दुसरीकडे सापडत नाही. 2022 नंतर काही नॉर्वेजियन कंपन्या रशियन वस्त्यांत प्रवाशांना उतरवत नाहीत, म्हणून तिकीट काढतानाच विचारा.

उत्तरेकडचा समुद्री बर्फ, हिन्लोपेन, आउस्टफोन्ना हिमटोपीची दीडशे किलोमीटरहून लांब बर्फाची कडा, हे पाहायचं तर आठवड्या-दहा दिवसांचं जहाज लागतंच. संरक्षित क्षेत्रांत 200 हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही आणि किनाऱ्यावर उतरायला 43 जागाच ठरवून दिल्या आहेत. जहाज निवडताना केबिनचे फोटो पाहू नका, हे विचारा. एकूण प्रवासी किती? सगळ्यांना एकाच वेळी झोडियाक, म्हणजे छोट्या रबरी मोटरबोटींत बसवतात की पाळ्या लावतात? एका झोडियाकमध्ये किती जण? खालचा डेक पाण्यापासून किती उंच? रात्री दोनला काही दिसलं तर उठवतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून जहाजाचा स्वभाव कळतो. पाण्यापासून दोन मीटरवरून टिपलेला वॉलरस आणि पाचव्या मजल्यावरून टिपलेला वॉलरस, यातला दुसरा फोटो घरी गेल्यावर कोणी उघडत नाही.

जहाजाचा मार्ग छापील पत्रकात असतो तसा घडेलच असं नाही. बर्फ, वारा आणि धुकं तो ठरवतात. अमुक फ्योर्ड बघायचाच असा हट्ट मनात धरून चढू नका.

चौथी पायरी: कागदपत्रं, विमान, विमा

इथे नवख्यांची एक जागा हमखास अडते. 1920 च्या स्वालबार्ड कराराने हा प्रदेश नॉर्वेचा झाला, पण तो शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही. मात्र विमानं ओस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटतात, म्हणून भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो किमान दोन प्रवेशांचा. लाँगयिअरब्येनला जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता, परतताना पुन्हा आत येता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद होते. अर्जात दोन प्रवेश स्पष्ट लिहा आणि स्वालबार्डचं तिकीट जोडा. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नका, ओस्लोला आणि ट्रोम्सोला तपासणी होते.

ओस्लोहून उड्डाण सुमारे तीन तासांचं. जहाज पकडायचं असेल तर किमान एक दिवस आधी लाँगयिअरब्येनला पोहोचा. विमान हवामानामुळे उशिरा येणं, सामान मागे राहणं, दोन्ही इथे नवलाचं नाही, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही.

विमा घेताना शोध आणि बचावकार्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. लाँगयिअरब्येनचं इस्पितळ छोटं आहे, गंभीर रुग्णाला ट्रोम्सोला विमानाने न्यावं लागतं. नॉर्वेजियन क्रोनर चालतो, पण रोख जवळजवळ लागत नाही, सगळीकडे कार्ड. स्वालबार्डवर मूल्यवर्धित कर नाही. तरी खोल्या आणि जेवण स्वस्त असतील असं समजू नका, कारण जवळपास प्रत्येक वस्तू बाहेरून येते.

मार्च-एप्रिलच्या खोल्या आणि गाइड सहा-आठ महिने आधी भरतात. लहान जहाजं तर वर्षभर आधी.

पाचवी पायरी: गावाच्या हद्दीबाहेर एकटं जायचं नाही

वस्तीबाहेर पडणाऱ्याकडे अस्वलाला हुसकावण्याचं योग्य साधन, म्हणजे सिग्नल पिस्तूल वगैरे, असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि बंदूक बाळगण्याची शिफारस आहे. बंदुकीचा परवाना सिसेलमेस्टर, म्हणजे इथल्या राज्यपालांच्या कार्यालयाकडून मिळतो. फोटो काढायला आलेल्याने या भानगडीत न पडता गाइड घ्यावा. डोळा व्ह्यूफाइंडरला लागलेला असताना पाठीमागचं काहीही दिसत नाही. ही धास्ती पुस्तकी नाही. ऑगस्ट 2020 मध्ये विमानतळाजवळच्या कँपसाइटवर तंबूत झोपलेल्या एका माणसाचा अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती जागा गावापासून काही किलोमीटरवरच आहे.

1946 पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण इथे आपोआप संरक्षित वारसा ठरते. गंजलेला खिळा, फळीचा तुकडा, व्हेलच्या शिकाऱ्यांच्या चुलीचे दगड, सगळं. चौकटीत नको असलेली फळी उचलून बाजूला ठेवण्याची सवय असते आपल्याला. इथे नाही.

ड्रोनचं थोडक्यात सांगतो, घरी ठेवा. विमानतळापासून पाच किलोमीटरच्या आत बंदी, त्यात जवळजवळ सगळं गाव येतं. संरक्षित क्षेत्रांतही बंदी. उरलेल्या जागेसाठी एवढं ओझं नेण्यात अर्थ नाही. न्यू-ऑलेसुंद या संशोधन वस्तीत तर कॅमेऱ्याचं वाय-फाय आणि ब्लूटूथसुद्धा बंद करावं लागतं, कारण तिथल्या दुर्बिणी अवकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ संकेत टिपतात. बंदी वस्तीभोवती 20 किलोमीटरपर्यंत आहे. फोन विमान मोडवर, घड्याळही, आणि कॅमेऱ्याच्या मेनूत खोलवर दडलेला तो ब्लूटूथचा पर्याय जहाजावरच शोधून ठेवा. भारताचं हिमाद्री केंद्र 2008 पासून याच वस्तीत आहे. त्याचा फोटो काढायला मुभा आहे.

सहावी पायरी: बॅग

दोन बॉडी न्या, भारीतल्या नसल्या तरी चालतील. खाऱ्या फवाऱ्यात किंवा उणे 20 मध्ये लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर पाणी किंवा बर्फाची भुकटी. एकीवर 24-70 किंवा 24-105, दुसरीवर लांब झूम. ऑरोराच्या दिवसांत एफ 2.8 किंवा त्याहून उघडी वाइड लेन्स. ट्रायपॉड शक्यतो कार्बनचा. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर वरच्या पायांना फोम गुंडाळा. जहाजावर ट्रायपॉडचा उपयोग नाही, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते.

स्नोस्कूटरवर कॅमेरा स्लेजच्या पेटीत टाकू नका. तासनतास हादरे बसून लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात. पाठीवरच्या बॅगेत ठेवा, हादरे अंग झेलतं.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच, टोकांना टेप लावून. चेक-इन सामानात त्यांना परवानगी नाही.

कपड्यांवर पानंच्या पानं लिहिता येतील, मी लिहीत नाही. आत लोकर, वर उबदार थर, बाहेर वारा अडवणारा. सुती काहीही नको. स्कूटरचा जाड पोशाख, बूट, हेल्मेट कंपन्या देतात. हातमोजे मात्र स्वतःचे न्या: आत बोटं हलतील इतका पातळ लोकरी मोजा, वर जाड मिटन, आणि मिटन मनगटाला दोरीने बांधलेला. वाऱ्याने उडालेला मिटन परत मिळत नाही. हॉटेलांत आणि संग्रहालयांत बूट दारात काढायची पद्धत आहे, खाणकामगारांच्या काळापासूनची. जाड मोजे हाताशी असू द्या.

सातवी पायरी: थंडीत कॅमेरा सांभाळणं

हा भाग नीट वाचा, कारण इथली बहुतेक नुकसानं थंडीत होतात असं वाटत असलं तरी प्रत्यक्षात ती उबेत होतात.

बाहेर उणे 20 ला चार तास राहिलेला कॅमेरा हॉटेलच्या दारातून आत आला की खोलीतली दमट हवा त्याच्या थंडगार धातूवर आणि काचांवर दव बनून बसते. बाहेरून पुसता येतं, आतल्या काचांवरचं आणि सर्किटवरचं पुसता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा. दाराबाहेर उभं राहूनच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून खिशात टाका. मग कॅमेरा लेन्ससकट जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून बाहेर काढा, झिप पक्की लावा. पिशवी बॅगेत, बॅगेची चेनही बंद. आता आत या. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर बसेल. दोन-तीन तास बॅगेला हात लावायचा नाही. कार्ड आधीच काढल्यामुळे तेवढ्या वेळात फोटो लॅपटॉपवर पाहता येतात आणि पिशवी उघडायचा मोह होत नाही. रात्री ऑरोरासाठी आत-बाहेर करायचं असेल तर कॅमेरा बाहेरच, थंड पडवीत राहू द्या.

बॅटऱ्या उणे 20 ला निम्म्या क्षमतेपर्यंत खाली येऊ शकतात. भरलेल्या बॅटऱ्या अंगालगतच्या उजव्या खिशात, संपलेल्या डाव्या. संपलेली म्हणून काढलेली बॅटरी अर्ध्या तासाने ऊब लागून पुन्हा काही डझन फोटो देते.

व्ह्यूफाइंडरवर नाकातून सोडलेला श्वास लगेच गोठतो. श्वास खाली किंवा बाजूला सोडायचा सराव करा. लेन्सवर बर्फ बसला तर तोंडाने फुंकर मारू नका, मऊ ब्रशने झटका. उघड्या बोटाने धातूला हात नको. ट्रायपॉड खोल बर्फात रोवताना पाय पूर्ण फाकवून दाबले तर ते आणखी बाहेर ढकलले जातात आणि सांध्यात मोडतात. अर्धवट उघडे ठेवून सरळ खाली दाबा, मग पसरा.

लांब लेन्स उबदार केबिनमधून आणून लगेच वापरली तर लेन्सच्या तोंडावरच्या हूडमध्ये अडकलेली गरम हवा प्रतिमा हलवते. वीस-तीस मिनिटं ती बाहेर थंड होऊ द्या. 300 मीटरवरचं अस्वल मऊ का आलं, याचं कारण अनेकदा लेन्समध्ये नसतं, लेन्सच्या तोंडाशी असतं.

आठवी पायरी: प्रत्यक्ष फोटो

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्या बर्फाला करडा समजतो. एक्सपोजर एक ते पावणेदोन स्टॉप वर न्या, पण हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, नजर ठेवून, कारण तिरपं ऊन पडलेल्या बर्फाचे कंगोरे पटकन पांढरेफटक होतात. उन्हात थोडं कमी, ढगाळ हवेत थोडं जास्त. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. ऑटो व्हाइट बॅलन्स ब्लू अवरचा निळा "दुरुस्त" करून टाकतो, तो एका ठरावीक मूल्यावर बांधलेला बरा.

हलत्या डेकवर शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान. आयएसओ वाढला तर वाढू द्या, दाणे सहन होतात, हललेला फोटो होत नाही. झोडियाकमध्ये कॅमेरा ड्राय बॅगेत, बोट थांबल्यावरच बाहेर. ऑरोरासाठी एफ 2.8, आयएसओ 1600 ते 3200, पाच ते पंधरा सेकंद इथून सुरुवात करा. ऑरोराचा पडदा जोरात नाचत असेल तर दोन-तीन सेकंदांवर या, नाहीतर हिरवा चिखल मिळतो. फोकस उजेडात असतानाच अनंतावर लावून टेपने बांधा, कारण मिटन घातलेला हात तो नकळत हलवतो.

प्रमाण दाखवायला काहीतरी शोधा. स्वालबार्डच्या हवेत धूळ कमी, झाडं नाहीत, घरं नाहीत. वीस किलोमीटरवरचा डोंगर पाचवर वाटतो आणि साठ मीटर उंचीची हिमकडा फोटोत बागेच्या कुंपणाएवढी दिसते. कड्यासमोरून उडणारे किट्टीवेक पक्षी, दुसरी झोडियाक, टेकडीवरचा रेनडिअर, यातलं काहीतरी चौकटीत येईपर्यंत थांबा.

रोजचे फोटो रात्री दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि त्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. गावात इंटरनेट उत्तम आहे, जहाजावर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि परतीचं तिकीट काढताना लाँगयिअरब्येनचं विमान आणि ओस्लोहून पुढचं विमान यांच्यात एक रात्र मोकळी सोडा. धुक्यामुळे सकाळचं विमान संध्याकाळी सुटतं तेव्हा त्या एका रात्रीचं हॉटेल पुढच्या नव्या तिकिटापेक्षा बरंच स्वस्त पडतं.